अप्पांची परीक्षा घ्यायची आहे, तर ती त्यांनाही मान्य असली पाहिजे

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

सादर नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मलप्रभेकाठच्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना घरात आणि गावात सगळे अप्पा म्हणतात, गेली तीस वर्षे पाणी पाहतात. तळहातावर नारळ घेऊन किंवा तांब्याच्या दोन तारा धरून ते रानात फिरतात आणि बोअरसाठी पॉइंट काढून देतात. त्याचे ते पैसे घेत नाहीत. आमच्या स्वतःच्या माळावर मात्र त्यांनी दाखविलेल्या जागी मारलेल्या दोन बोअर कोरड्या गेल्या आणि आता तिसरीसाठी कर्ज काढायचे घरात चालले आहे. मी शंका बोलून दाखविली तेव्हा अप्पा म्हणाले, “घे माझी परीक्षा.” दसऱ्याला सगळे भाऊबंद घरी जमतात. त्या दिवशी परसात दहा मडकी पुरून, त्यांपैकी एकात पाणी भरून, ते कोणते हे अप्पांना ओळखायला सांगावे, असा माझा विचार आहे. परीक्षा बिनचूक व्हावी आणि त्यांचे मनही दुखावू नये, यासाठी काय करावे?

उत्तर:

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य अप्पांचे आहे. तीस वर्षांचा मान पणाला लावून “घे माझी परीक्षा” असे म्हणणारा माणूस फसवणारा नसतो. त्याचा स्वतःच्या हातावर मनापासून विश्वास असतो. त्या विश्वासाला शोभेल अशी परीक्षा त्यांना मिळाली पाहिजे, आणि दसऱ्याची दहा मडकी ही तशी परीक्षा नाही, हे आधी स्पष्टपणे सांगते.

दहांपैकी एक मडके एकदाच ओळखायचे असेल, तर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्यालाही दहांत एक संधी असते. अप्पांचे उत्तर बरोबर आले, तर त्या एका योगायोगावर तुमचे घर कर्ज काढील. ते चुकले, तर पोराबाळांच्या गोंगाटात हात चालला नाही असे ते म्हणतील, आणि त्यांचे ते म्हणणे तुम्हाला खोडता येणार नाही. शिवाय मातीचे मडके पाझरते, त्यामुळे वरची माती ओलसर होते आणि सकाळच्या उन्हात तेवढाच ठिपका गडद दिसतो. याहूनही मोठा दोष म्हणजे पाणी कोठे आहे हे तुम्हाला ठाऊक असणार आणि तुम्ही शेजारी उभे असणार. बर्लिनमध्ये गणिते सोडवून दाखविणाऱ्या एका घोड्याची कीर्ती झाली होती. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंगस्ट यांनी त्याची तपासणी केली तेव्हा असे दिसले की, प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत असेल तरच घोडा बरोबर थांबे, कारण तो विचारणाऱ्याच्या मानेची नकळत होणारी हालचाल टिपत असे. जे घोड्याला जमले ते तीस वर्षे माणसांत वावरलेल्या अप्पांनाही जमेल, आणि आपण ते करतो आहोत हे त्यांना कळणारही नाही.

पाण्याच्या जागी तळहातावरचा आडवा नारळ खरोखर उभा राहतो का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न तुमच्या मनात असणार. तो उभा राहतो. मी कॉलेजात होते तेव्हा निपाणीजवळच्या आमच्या तंबाखूच्या रानात विहिरीची जागा पाहायला आलेल्या पाणाड्याने माझ्याच तळहातावर नारळ ठेवला होता. शेंडी बोटांकडे होती आणि कोपर अंगाला टेकवलेले होते. बांधापासून वीसेक पावलांवर, जेथे तो स्वतः नुकताच थांबला होता, तेथे नारळ माझ्या हातात हलला, शेंडी वर उचलली गेली आणि तो उभा राहिला. मी काहीही केले नाही असे मी शपथेवर सांगितले असते. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकट्या भावाने माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधून मला त्याच रानात वळणे देत फिरवले. नारळ तीन वेळा उभा राहिला, तिन्ही वेळा निराळ्या जागी, आणि खुणेच्या खुंटीवरून मी दोनदा गेले तेव्हा तो आडवाच राहिला होता. आपल्याला अपेक्षा असते तेथे हाताचे स्नायू आपल्याला न विचारता हलतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३३ मध्ये लोलकाविषयी हेच नोंदविले होते: डोळे उघडे असताना पाऱ्यावर झुलणारा लोलक डोळे बांधल्यावर झुलेनासा झाला. १८५२ मध्ये इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी या प्रकाराला शास्त्रीय नाव दिले. तांब्याच्या तारांचेही तसेच असते. त्या जवळजवळ आडव्या धरलेल्या असतात, त्यामुळे मनगट केसभर कलले तरी टोके फिरतात. म्हणून परीक्षेत नारळ उभा राहतो की नाही हे पाहायचे नाही. खाली पाणी नसतानापेक्षा पाणी असताना नारळ अधिक वेळा उभा राहतो का, एवढेच पाहायचे आहे.

आता तयारीकडे वळू. पहिले काम अप्पांशी निवांत बसून त्यांचा दावा त्यांच्याच शब्दांत लिहून घेण्याचे आहे. त्यांना साठलेले पाणी कळते, की फक्त वाहते? किती खोलीपर्यंत कळते? पाइपातले पाणी त्यांच्या हाताला लागते का? पायात चप्पल, खिशात मोबाइल, वरून गेलेली विजेची तार किंवा अमावास्या, यांपैकी कशाने त्यांना अडथळा होतो? दहांपैकी किती वेळा आपण बरोबर असू असे त्यांना वाटते? बहुतेक पाणाडे वाहत्या पाण्याची शीर शोधतो असे म्हणतात. अप्पाही तसेच म्हणाले, तर मडक्यांचा प्रयोग त्यांच्या दाव्याला लागूच पडत नाही आणि तो करणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल.

मलप्रभेच्या काठी नदीवरून उपसा करणारी कोणाची तरी पाइपलाइन दोन-तीन फूट खोल गेलेली असणारच. ज्या लाइनला मोटरच्या पुढे दोन फाटे आणि दोन वॉल्व्ह आहेत अशी लाइन निवडा, म्हणजे पाणी एका वेळी उजव्या फाट्यात किंवा डाव्या फाट्यात सोडता येईल. मोटर दोन्ही वेळा चालूच राहील, त्यामुळे तिच्या आवाजावरून काही ओळखता येणार नाही. उजव्या फाट्यावर, वॉल्व्हपासून दूर, मध्ये उभा ऊस किंवा चढ असेल अशा ठिकाणी दहा-बारा पावलांचा पट्टा फक्कीने आखा. पाइप कोठून गेला आहे हे अप्पांना उघड सांगायचे. त्यांनी फक्त एवढेच सांगायचे की, या घडीला खालून पाणी वाहत आहे की नाही. पाणी बंद केल्यावरही पाइप भरलेलाच राहतो, हे विसरू नका. थांबलेले पाणी म्हणजे ‘नाही’ हे आधीच ठरवून घ्या, किंवा चढावरची अशी जागा पाहा जेथे पाइप रिकामा होतो.

पट्टा आखल्यावर मोटर बंद ठेवून अप्पांना त्यावरून फिरू द्या. तेथे जमिनीतच पाण्याची शीर आहे असे त्यांना वाटले तर जागा बदला, कारण हीच हरकत नंतर आली तर चार दिवसांचे काम वाया जाईल. मग उघड चाचणी घ्या. आता पाणी सोडले आहे, आता बंद केले आहे, असे सांगून त्यांना तीन-तीन वेळा चालायला लावा. नारळ सांगितल्याप्रमाणे उभा राहिला आणि आडवा झाला, तर “येथे माझा हात चालतो” असे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. नसेल चालत, तर परीक्षा तेथेच थांबते आणि त्यात त्यांची हार नाही. पुढची जागा त्यांनीच सुचवावी. हा टप्पा गाळण्याचा मोह होतो, पण मला विचाराल तर तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रत्यक्ष फेऱ्यांच्या वेळी माणसांच्या दोन तुकड्या असाव्यात आणि त्यांनी एकमेकांना पाहू नये. वॉल्व्हपाशी असलेला माणूस नाणे उडवील: छापा आला तर उजवा फाटा, काटा आला तर डावा. मनाने ठरवून पाणी सोडायचे नाही, कारण माणूस एकच गोष्ट लागोपाठ चार वेळा करायला कचरतो आणि नाणे कचरत नाही. तो कचरणारा हिशेब चाणाक्ष माणसाला ओळखता येतो. नाणे काहीही सांगो, प्रत्येक वेळी दोन्ही वॉल्व्ह एकदा फिरवून मग योग्य जागी आणायचे, म्हणजे लागणारा वेळ आणि खटपट सारखीच राहील. फाटा वहीत लिहायचा, घड्याळ लावून पाच मिनिटे थांबायचे आणि शिटी मारायची, तीही दर वेळी एकसारखी. पट्ट्याजवळ अप्पांबरोबर जो थांबेल त्याला नाण्याविषयी काही माहिती नसावी. अप्पांनी ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, त्याने फेरीच्या क्रमांकासमोर लिहायचे आणि अप्पांनी शेजारी सही करायची. उत्तर बरोबर की चूक हे मध्येच कोणीही सांगायचे नाही. वॉल्व्हजवळ शेजारचा एखादा कन्नड भाषिक शेतकरी असेल तर अधिक चांगले, कारण घरातल्या ओढाताणीशी त्याचा संबंध नसतो. मात्र नियमांचा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये, असा दोन्हींत लिहा. फेऱ्या शेतीची थ्री-फेज वीज असण्याच्या वेळेतच बसवाव्या लागतील, हेही लक्षात असू द्या.

तरीही पाइपाची थरथर, सांध्याची गळती किंवा दूरवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज पट्ट्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून आदल्या दिवशी, पाणी पाहण्याशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना त्याच पट्ट्यावर उभे करून वीस-वीस फेऱ्यांत अंदाज करायला सांगा. त्यांना पंधरा-सोळा बरोबर येऊ लागले, तर त्यांना पाणी पाहता येते असा त्याचा अर्थ नाही. पाण्याची चाहूल कोठून तरी लागते आहे आणि जागा बदलायला हवी, असा त्याचा अर्थ आहे. तुम्ही स्वतः जमिनीला कान लावूनही पाहा.

फेऱ्या किती असाव्यात, यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण न्याय खरोखर येथे ठरतो. वीस फेऱ्या घेतल्या तर नुसत्या अंदाजाने सरासरी १० बरोबर येतात. १५ किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात सुमारे २ असते, आणि १६ किंवा अधिक येण्याची हजारात सुमारे ६. तेव्हा १६ ही उत्तीर्ण होण्याची रेषा ठरवावी असे सहज वाटते. पण समजा, अप्पांना खरोखरच दहांत आठ वेळा पाणी कळते. असा माणूसही वीस फेऱ्यांत १६ ची रेषा शंभरात ३७ वेळा गाठू शकणार नाही, म्हणजे त्याचे ज्ञान खरे असूनही आपण त्याला नापास करू. ४० फेऱ्या घ्या आणि रेषा २८ वर ठेवा. मग नुसता अंदाज करणारा माणूस शंभरातून एकदाही जेमतेम पार पडेल, आणि दहांत आठ वेळा खरे सांगणारा शंभरात सुमारे ९६ वेळा पार पडेल. दहा फेऱ्यांना दीड तास पुरतो, म्हणून चार सकाळी पुरेशा आहेत. चाळीसही फेऱ्या पूर्ण होईपर्यंत वह्या जुळवून पाहू नका. पहिल्या दहांत आठ आले म्हणून आनंदाने थांबणे आणि तीन आले म्हणून निराशेने थांबणे, ही दोन्ही परीक्षा बिघडविण्याचीच रीत आहे.

हा आराखडा माझ्या मनाने रचलेला नाही. १९९० मध्ये जर्मनीतील कासेल येथे सुमारे ३० पाणाड्यांची अशीच तपासणी झाली. प्लास्टिकचे पाइप ५० सेंटिमीटर खोल पुरले होते, त्यांची जागा वर रंगीत पट्टीने दाखविली होती आणि पाणी वाहते आहे की नाही एवढेच सांगायचे होते. ही परीक्षा योग्य आहे आणि आपण पूर्ण यशस्वी होऊ, असे सर्वांनी आधी लिहून दिले होते. तीन दिवसांनंतरचे निकाल नुसत्या अंदाजाच्या पलीकडे गेले नाहीत. त्याआधी, १९८७-८८ मध्ये, म्युनिकजवळच्या एका कोठारात याहून मोठा प्रयोग झाला होता. खालच्या मजल्यावर दहा मीटरच्या रेषेवर गाड्यावरचा पाइप सरकवायचा आणि पाणाड्याने वरच्या मजल्यावरून त्याची जागा सांगायची, अशी रचना होती. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ जणांनी ८४३ वेळा प्रयत्न केले. प्रयोग करणाऱ्यांनी त्यांतील मोजक्या सहा जणांना असामान्य ठरविले. १९९९ मध्ये संशोधक जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्या निवडक लोकांना एका फेरीतले यश दुसरीत टिकवता आले नव्हते आणि एकूण निकाल योगायोगाशी जुळणारे होते, असे त्यांनी दाखविले. पन्नास माणसांनी वीस फेऱ्यांत नुसते अंदाज केले, तरी सरासरीने त्यांतल्या एखाद्याला १५ किंवा अधिक येतात. निकाल पाहिल्यावर त्यालाच वेगळा काढून त्याचे कौतुक केले तर काहीही सिद्ध करता येईल. म्हणून २८ ही रेषा पहिले नाणे उडण्यापूर्वी कागदावर असावी आणि तिच्याखाली अप्पांची सही असावी.

अप्पा विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की मग तीस वर्षांत माझ्या पॉइंटवर लागलेल्या पाण्याचे काय? त्यांच्याबरोबर बसून त्यांनी आजवर दाखविलेल्या सगळ्या जागा लिहून काढा, कोरड्या गेलेल्याही. मग त्याच शिवारात पाणाड्याला न विचारता मारलेल्या बोअर लिहा. दुसऱ्या यादीशिवाय पहिलीला अर्थ नाही, कारण आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आहे, गोकाक-सौंदत्ती-रामदुर्ग पट्ट्यात कलादगीचा वालुकाश्म आणि चुनखडी आहे, आणि दक्षिणेला त्याहून जुने पट्टिताश्म, म्हणजे पट्टे असलेले कठीण खडक, आहेत. अशा कठीण खडकांत पाणी मुरमाच्या झिजलेल्या थरात आणि खाली भेगांत साठते. अप्पा ज्याला शीर म्हणतात ती कल्पना भेगांच्या बाबतीत फार चुकीची नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

शिवाय अप्पांच्या यशात नारळाबरोबर त्यांचे डोळेही आहेत. उंबर, जांभूळ, वारूळ, उन्हाळ्यातही हिरवा राहणारा बांध, ओघळ जेथे वळतो ती जागा, हे सगळे त्यांना दिसत असणार. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे, त्यात झाडे आणि वारुळे यांवरून पाण्याचा अंदाज कसा बांधावा हेच सांगितले आहे. हे ज्ञान वेगळे तपासावे लागेल. नारळ घरी ठेवून अप्पांनी नुसते पाहून पाच जागा दाखवाव्यात, मग नारळ घेऊन पाच दाखवाव्यात, आणि दोन्ही वेळचे अंतर बांधापासून टेपने मोजून लिहावे, खुंटी ठोकू नये. दूरच्या गावचा दुसरा पाणाडी मिळाला तर त्यालाही त्याच माळावर, अप्पांच्या जागा न सांगता, फिरवा आणि दोघांची अंतरे ताडून पाहा. बोअरचा एकही पैसा न घालता यातून बरेच समजेल.

कर्जाविषयी माझे मत ठाम आहे: तिसरी बोअर या सगळ्याच्या निकालापर्यंत थांबवा. दरम्यान राज्याच्या भूजल खात्याच्या भूवैज्ञानिकाकडून माळाची विद्युत रोधकता पाहून घ्या. जमिनीत सळया रोवून वीज सोडतात आणि खडक तिला किती अडवतो त्यावरून झिजलेल्या थराची जाडी आणि खालच्या भेगांचा अंदाज घेतात. तीही पाण्याची हमी देत नाही, पण माळाखाली अखंड पाषाणच असेल तर तसे दिसते आणि कर्ज वाचते.

दसऱ्याच्या दिवशी परीक्षा घेऊ नका. सोने देऊन झाल्यावर अप्पांच्या पाया पडा, नियमांचा कागद त्यांच्या हातात द्या आणि त्यांनी सुचविलेली प्रत्येक दुरुस्ती, ती तुम्हाला गैरसोयीची वाटली तरी, त्यांच्यासमोर लिहून घ्या. फेऱ्या दिवाळीनंतर, ऊस उभा असताना आणि नदीला पाणी असताना घ्याव्यात, आणि त्या वेळी भाऊबंद नकोत. चौथ्या सकाळी दोन्ही वह्या बंद पाकिटात घरी आणाव्यात. त्या उघडताना खोलीत अप्पा, तुम्ही आणि वॉल्व्हवरचा शेजारी, एवढेच असावेत, आणि ओळीओळीने वाचन अप्पांनीच करावे. आकडा २८ किंवा त्याहून अधिक आला, तर मला लगेच कळवा. नव्या माणसांसह नव्या पट्ट्यावर पुन्हा ४० फेऱ्या घ्याव्या लागतील, आणि त्या वेळी वॉल्व्हजवळ नाणे उडवायला मी स्वतः येईन.